कंदिलाच्या उजेडातला शालू

आमच्या डोंबिवलीच्या घरात दिव्यांचं खातं माझ्याकडे होतं. आईकडे चूल, ताईकडे पाणी आणि निवडणं-टिपणं, दादांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, बाजार. आणि मी मोठ्या वर्गात गेल्यापासून माझ्याकडे दिवे. आमच्या आळीत तोवर वीज आलेली नव्हती. मला कामाच्या वाटण्या आवडतात, तेव्हाही आवडायच्या, कारण एकदा वाटणी झाली की मधे कुणी बोलत नाही. शाळेतून आले, चहा-पोळी झाली की मी मागच्या पडवीत तरट पसरायचे आणि कंदील ओळीने मांडायचे. आधी काचा उतरवायच्या, मग घासलेट भरायचं, मग वाती, आणि सगळ्यात शेवटी काचा पुसायच्या. हा क्रम चुकला तर पुसलेल्या काचेवर घासलेटाची बोटं उमटतात आणि काम दुप्पट होतं. चुलीतली राख फडक्यातून चाळून काचेला लावायची, काठीला गुंडाळलेलं मऊ धोतर आतून फिरवायचं. वात कातरताना दोन्ही कोपरे जरासे गोल करायचे, नाहीतर ज्योतीला शिंगं फुटतात आणि काच काळी होते. आता हे ज्ञान कुणाच्या कामाचं नाही, पण मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगू शकेन.

कंदील लागेपर्यंत घरात ठरलेले आवाज ठरलेल्या क्रमाने यायचे. विहिरीवरच्या रहाटाची करकर, स्टेशनाकडून इंजिनाची शिट्टी, मग शेजारच्या घरातून आत्याचा आवाज. आत्या म्हणजे दादांची मोठी बहीण. राहायची शेजारी आपल्या घरी, पण लक्ष असायचं आमच्या घरात. तिच्या खिडकीतून तिला आमची चूल दिसत नसे, तरी वासावरून ती ओरडायची, "वहिनी, फोडणी जळत्येय!" आणि ती खरोखरच जळत असायची. रात्रीच्या जेवणाला बहुतेक कुळथाचं पिठलं, भात, भाजलेला पोह्याचा पापड. पापड भाजण्याचं काम मी आवडीने करायचे. चुलीतले निखारे पुढे ओढायचे, चिमटा त्यात राहिला की त्याचं टोक आधी नुसतंच तापायचं, मग लालसर दिसायला लागायचं. जास्त वेळ राहिला तर नारिंगी. आई म्हणायची, "पुरे, चिमट्याचा पापड करतेस की काय!" त्या चिमट्यात बघण्यासारखं काही आहे हे मला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या नेने मास्तरांमुळे कळलं.

मास्तरांकडे उपकरणं फारशी नव्हती. जे होतं ते एका पत्र्याच्या पेटीत मावायचं, आणि त्यातली सगळ्यात मौल्यवान वस्तू म्हणजे कुठल्याशा झुंबरातून निसटलेला काचेचा लोलक. त्यांनी आम्हाला आधी शाळेच्या विहिरीवर नेलं. पोहरा हळूहळू वरखाली केला की लांबलांब लाटा कडेला जायच्या, भराभर केला की आखूड आणि दाट. "उजेडसुद्धा असाच लाटांनी येतो," ते म्हणाले. "लांब लाट डोळ्यांत शिरली की तुम्ही तांबडं म्हणता, आखूड शिरली की निळं-जांभळं. चुलीपुढे बसलं की गालाला जी धग लागते ती त्याहून लांब. ती डोळ्यांना दिसत नाही, गालांना कळते." मग वर्गात खिडकी लावून घेतली, फटीतून आलेल्या उन्हात लोलक धरला, आणि भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा पट्टा पडला. आम्ही आनंदाने ओरडलो. पण मास्तरांचं खरं काम त्यानंतर होतं. त्यांनी उन्हाची फट बंद केली आणि तिथे पुठ्ठ्याच्या आडोशामागे पेटता कंदील ठेवला. पट्टा पुन्हा पडला, पण अंधुक, आणि तांबडा, पिवळा, थोडा हिरवा दिसून पुढे जवळजवळ संपलाच. "निळं कुठे गेलं?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "कुठे गेलं नाही, आलंच नाही. वस्तू जितकी कमी तापलेली तितका तिचा उजेड तांबड्याकडे झुकलेला. निखारा तांबडा, कंदिलाची ज्योत पिवळी, सूर्य पांढरा. कंदील निळं देण्याइतका तापलेलाच नाही." त्या दिवशी घरी येऊन मी चिमटा मुद्दाम निखाऱ्यात ठेवला आणि पापड जाळला.

त्याच वर्षी ताईचं लग्न ठरलं. ताई म्हणजे कुसुम, माझ्याहून मोठी, रंगाने सावळी. त्याआधी तिची दोन स्थळं मोडली होती. एक पत्रिकेवरून, आणि एक, "मुलगी चांगली आहे, पण आम्हाला जरा उजळ हवी," असं तोंडावर सांगून. दुसऱ्या वेळी आई दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. आत्याने मात्र नियम काढला की सावळ्या मुलीने गडद रंग नेसायचा नाही. त्यामुळे ताईची सगळी लुगडी बदामी, मोतिया आणि फिकट गुलाबी. तिसरं स्थळ ठाण्याचं, टेंभी नाक्याजवळ राहणारं. मुलगा एका कचेरीत नोकरीला, वडील निवृत्त, घरात वीज. मुलाने पाहायला आल्यावर ताईला एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे तिला पोहता येतं का. ताईने खाली मान घालून "नाही" म्हटलं. तो म्हणाला, "मलाही नाही, तळ्याकाठी राहून." ताईला हसू आलं, आणि आम्ही सगळ्यांनी त्या हसण्यावर देवाला नारळ कबूल केला.

लग्नघरात मला अर्थातच दिवे मिळाले, आणि त्यांच्याबरोबर वरातीचं शोभेचं दारूसामान. मी यादी केली: कंदील आपले आणि मागून आणलेले, वाती, घासलेट, काड्यापेट्या, आणि वरातीच्या चंद्रज्योती, तांबड्या, हिरव्या आणि पांढऱ्या. चंद्रज्योत म्हणजे कागदी नळीत भरलेली दारू. एका टोकाला धरायची आणि दुसऱ्या टोकाला पेटवायची. ती उडत नाही, फुटत नाही, नुसता झगझगीत उजेड देते. मांडवासाठी मामाने भाड्याने गॅसबत्ती आणली होती. बत्तीचा त्याला फार अभिमान. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्याने पंप मारून ती पेटवली, तिची सूं सूं सुरू झाली, मांडव पांढरा झाला आणि मामा मला म्हणाला, "शरू, तुझी ती भुतं आता माळ्यावर टाक."

मी कंदील माळ्यावर टाकले नाहीत. भरून, वाती कातरून पडवीत ठेवले.

ठाण्याची मंडळी गाडीतून उतरून टांग्यांनी आली. त्यांचा जानवसा, म्हणजे उतरण्याची सोय, समोरच्या घरात होता. पाय धुणं, गूळपाणी, सीमांतपूजन सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मागच्या अंगणात बुंदीच्या कळ्या पडत होत्या, अळूच्या भाजीचा आणि साजूक तुपाचा वास मांडवापर्यंत येत होता. पुढचा कार्यक्रम वाङ्निश्चयाचा. त्यात मुलाकडचे मुलीला शालू देतात, ती आत जाऊन तो नेसून येते आणि तिची ओटी भरतात. "सगळ्यांना दिसू दे नीट," असं म्हणत मामा बत्ती आणखी उंच टांगायला गेला. बत्ती बांबूवर आपटली. आतली जळून पांढरी झालेली जाळी राखेची असते म्हटलं तरी चालेल. ती झडून पडली, आणि मांडवात काळोख झाला.

"काय झालं?" दादा ओरडले.

"जाळी गेली," मामा म्हणाला.

"जाळी गेली की घालवलीस?" आत्याचा आवाज काळोखातसुद्धा अचूक पोचला.

सुटी जाळी आणायला एकजण सायकलवरून बाजारात पिटाळला, आणि मी कंदील आणले. कुणी मला शाबासकी दिली नाही, पण मामा माझ्या नजरेला नजर देईना, तेवढं मला पुरलं. मुहूर्त टळायला नको म्हणून कार्यक्रम तसाच पुढे चालू झाला. ताईच्या सासूबाईंनी ताट पुढे केलं: नारळ, हळदकुंकू, आणि जरीच्या काठाचा शालू. आत्याने कंदील जवळ ओढला, शालूची घडी उलगडली, आणि तिचा हात थांबला.

"हा काळा आहे," ती म्हणाली.

"काळा कसला? निळा आहे," सासूबाई म्हणाल्या.

"मला डोळे आहेत, विहीणबाई."

"आम्हालाही आहेत. दिवसाउजेडी घेतलाय, दुकानाच्या दारात उभं राहून."

आत्याने शालू आईला दाखवला, शेजारच्या बायकांना दाखवला. मीही पाहिला. जर पिवळीधमक चमकत होती आणि तिच्यामधलं रेशीम काळं होतं. काळसर नाही, काळं. "संक्रांतीला आणला असता तर मी कौतुकाने नेसवला असता," आत्या म्हणाली. "लग्नाच्या आदल्या दिवशी काळं? आमच्या मुलीच्या अंगाला मी हे लावू देणार नाही." आणि तिने दोन बोटांनी ताट मागे सारलं. हळदकुंकवाचं ताट. एवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण ती पुढे म्हणाली, "दिवसाउजेडी निळा घेतला असेल, आणायच्या वेळी बदललाही असेल कुणी."

ताईचे सासरे उठून उभे राहिले. शांत माणूस होता, म्हणून ते उठणं जास्त जड वाटलं. "म्हणजे आम्ही बदलून आणला? फसवायला आलोय आम्ही?" त्यांनी मांडवाच्या दाराकडे वळून हाक दिली, "टांगेवाले, थांबा रे! घोडे सोडू नका."

दादा हात जोडून मधे आले. "बत्ती येईपर्यंत थांबू या, पाच मिनिटं." पण सासरे म्हणाले, "बत्ती कशाला? माणसाचा शब्द बघायला बत्ती लागते होय?" आई मागच्या भिंतीला टेकली. तिच्या चेहऱ्यावर मला दुसऱ्या स्थळाच्या वेळचे दोन दिवस दिसले.

मी आत गेले. ताई माजघरात पाटावर बसली होती, फिकट गुलाबी लुगड्यात. तिला सगळं ऐकू आलं होतं.

"खरंच काळा आहे?" तिने विचारलं.

"कंदिलात काळा आहे."

"शरे, धड बोल."

"कंदिलाच्या उजेडात निळं नसतंच जवळजवळ. शालूवर जे पडतच नाही ते तो परत कुठून देणार? मला वाटतं निळाच आहे."

"वाटतं?"

"आहे," मी म्हटलं.

"मग मला काय सांगतेस? जा ना, बाहेर सांग."

बाहेर जाऊन सांगणं सोपं नव्हतं. मोठ्यांच्या भांडणात मुलींनी बोलायचं नसतं, हे आत्याने लगेच ऐकवलंच. पण दादा म्हणाले, "बोलू दे तिला." मी मास्तरांचा लोलक, भिंतीवरचा पट्टा, सगळं भरभर सांगितलं. इतक्या वाईट रीतीने तो धडा मी आयुष्यात पुन्हा कधी शिकवला नाही, आणि पुढे कल्याणच्या शाळेत मी तेच काम निवृत्तीपर्यंत केलं. सासरे माझ्याकडे बघत राहिले. "दिव्यात निळं नाही म्हणजे काय? भरायचं राहून गेलं?" कुणीतरी हसलं. म्हणजे पुरतं बिघडलेलं नव्हतं. तेव्हा मला माझी यादी आठवली. "वरातीच्या चंद्रज्योती आहेत कोठीत," मी म्हटलं. "त्यांचा उजेड कंदिलासारखा नसतो. एक लावून बघू या."

मामाला आपली चूक भरून काढायची घाई झाली होती. मी पुढचं बोलायच्या आत तो कोठीतून हाताला आली ती चंद्रज्योत घेऊन आला आणि त्याने ती पेटवली. ती तांबडी निघाली. सगळा मांडव रक्तासारखा लाल झाला, धोतरं लाल, भिंती लाल, आणि त्या लालीत आत्याने शालू उंच धरला. तो कोळशासारखा काळा होता. कंदिलात होता त्याहून काळा.

"बघा!" आत्या म्हणाली. "आता बोला."

सासरेसुद्धा शालूकडे बघून चपापले होते. त्यांनी हळूच बायकोला विचारलं, "अगं, नक्की हाच ना तो?" आणि त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तांबडी लावली तर निळं काळंच दिसणार, हे मी सांगत होते, पण माझा आवाज माझ्यापर्यंतच पोचत होता. चंद्रज्योत विझली. धुराने सगळे खोकायला लागले.

तेव्हा नवरामुलगा बोलला. आतापर्यंत तो पाटावर गप्प बसून होता, तशीच रीत होती. "शालू मी निवडलाय," तो म्हणाला. "निळा आहे. तिला हवी ती लावू दे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "कुठली हवी?"

"पांढरी."

"आण."

मी स्वतः गेले. पांढऱ्या मी वेगळ्या बांधून ठेवल्या होत्या, त्यामुळे शोधायला लागलं नाही. मांडवाबाहेर उभं राहून मी ती लांब धरली आणि दादांनी काडी लावली. आधी नुसती फुरफुरली, आणि मग एकदम पेटली. तो उजेड मला अजून सांगता येत नाही. दुपारचं ऊन कुणीतरी मुठीत आणून सोडावं तसा. तोरणाची आंब्याची पानं हिरवी झाली, हळद पिवळी झाली, कुंकू कुंकवाच्या रंगाचं झालं, आणि आत्याच्या हातातला शालू निळा झाला. दौतीत बोट बुडालं की नखाशी जी निळाई राहते, तशी गच्च, खोल निळी. मांडवातून "अगं बाई" असा एकच आवाज उठला. आत्या शालू तोंडाजवळ नेऊन बघत होती. तिने तो उलटा केला, सुलटा केला. चंद्रज्योत विझेपर्यंत ती बघत राहिली.

मग पुन्हा कंदील. शालू पुन्हा काळा. पण आता त्याला कुणी काळा म्हणेना.

आत्याने ताट पुढे ओढलं, शालूची घडी नीट केली आणि म्हणाली, "आता उभे काय सगळे? मुहूर्त चाललाय. कुंकू आणा." जणू उशीर दुसऱ्याच कुणी केला होता. पण ताट आत नेण्याआधी ती विहीणबाईंजवळ थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी बोलले ते मनात ठेवू नका." विहीणबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अहो, मलाही मघाशी काळाच दिसला हो!" दोघी हसल्या. सासऱ्यांनी स्वतः बाहेर जाऊन टांगेवाल्यांना घोडे सोडायला सांगितलं आणि त्यांनाही जेवायला बसवलं. ताई शालू नेसून आली, तिची ओटी भरली, पानं मांडली गेली, आणि पहिली जिलबी वाढत असताना सायकलवाला घामाघूम होऊन जाळी घेऊन आला. मामाने त्याला काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

आत्याला मी कधी हसले नाही. पुढे वर्गात ही गोष्ट सांगताना मुली आत्याला हसायच्या, तेव्हा मी त्यांना थांबवायचे. आत्याने जे दिसलं ते सांगितलं, आणि तिला काळंच दिसलं होतं. तिची नजर बरोबर होती. तिने कंदिलाला जमेत धरलं नव्हतं, एवढंच. आजही मी साडी घ्यायला गेले की दुकानातल्या दिव्याखाली ठरवत नाही, दाराशी उन्हात नेते. दुकानदार वैतागतात. वैतागू देत. लग्नाच्या दिवशी सकाळी उजाडल्याबरोबर आत्याने तेच केलं होतं. शालू अंगणात आणून, उन्हात धरून, आळीतल्या प्रत्येक बाईला हाक मारून दाखवला: "बघा, जावयाने निवडलाय. निळा आहे हो, नीट बघा." ताईच्या रंगाला तो शोभतो की नाही, यावर ती एक शब्द बोलली नाही, आणि आत्याच्या बाबतीत न बोलणं म्हणजे पुष्कळच होतं.

मध्यंतरी ठाण्याला ताईकडे गेले होते. तिची नात विज्ञान शिकते, म्हणून मी तिला ही सगळी हकिगत क्रमाने सांगत होते: कंदील, मग तांबडी, मग पांढरी, आणि प्रत्येक वेळी शालू कसा दिसला. ताई खुर्चीत बसून तांदूळ निवडत होती. मधेच म्हणाली, "पांढरी लागली तेव्हा मी माजघराच्या दारात येऊन उभी होते."

"मग तूही पाहिलास ना निळा झालेला?"

"शालू कशाला बघू?" ती म्हणाली. "मी यांना बघितलं. पाहायला आले तेव्हा मान वर करायची सोय नव्हती, आणि नंतर कुठे नीट उजेड होता? सगळे शालूकडे बघत होते, म्हणून मला बघता आलं." तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "किती वेळ जळते गं ती?"

"फार नाही. मिनिटभर."

"पुरली," ताई म्हणाली.